मिलिंद, पुढं काय?

या अंकाचं संपादकीय वेगळ्याच विषयावर लिहून तयार होतं. ते बाजूला ठेवलं. कारण मागच्या रविवारी आमच्या वस्तीत एक नामकरण झालं आणि तिथं मी वादात हरलो. हरलो ते हरलो, वर ते कबूलही केलं नाही. चळवळीत तीस वर्षं घालवलेल्या माणसाची ही खोड वाईट, आणि ती माझ्या एकट्याची नाही. म्हणून मित्रांनो, जे झालं ते तुमच्यापुढं ठेवतो.

शेजारच्या खोलीत मुलगा जन्मला. त्रिसरण-पंचशील झालं, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घातले, मेणबत्त्या लावल्या, खीर वाटली. पोराचे आईबाप दोघंही शिकलेले, दोघंही नोकरीवर. मोबाईलमध्ये नावांची यादी उघडून बसलेले. पोराची आजी म्हणाली, "मिलिंद ठिवा की. आपलं नाव हाय." सून हसली. म्हणाली, "मम्मी, मिलिंद आता कोण ठेवतं? मिलिंद म्हटलं की चष्मा लावलेला काका दिसतो." सगळी खोली माझ्याकडं बघून हसली. माझं नाव मिलिंद, आणि चष्माही आहे.

मग त्यांनी ठरवलेलं नाव सांगितलं. आर्यन.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "ज्या आर्य-आर्य करणाऱ्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांचं नाव पोराला देता? याला काय अर्थ आहे?" पोरगी घाबरली नाही. शांतपणे म्हणाली, "काका, बुद्धाच्या अष्टांगिक मार्गाच्या आधी कोणता शब्द लावतात? चार सत्यांच्या आधी कोणता? आणि बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरचं पुस्तक लिहिलं, त्यात आर्य नावाचा वंश होता हे त्यांनीच नाकारलंय ना? जो शब्द बुद्धानं जातीतून काढून वागणुकीला लावला, तो आपण परत त्यांना का देऊन टाकायचा?"

आता सांगा, याला उत्तर काय? मला सुचलं नाही. आणि उत्तर सुचलं नाही की आपल्याकडं जे करतात तेच मी केलं. म्हणालो, "तू मला शिकवू नको. तू जन्मायच्या आधीपासून मी मोर्चे काढतोय." पोरगी गप्प झाली. खीर गोड लागेना. घरी आलो.

रात्री झोप लागेना तेव्हा स्वतःच्याच नावाचा हिशेब मांडत बसलो. तोच इथं मांडतो.

मिलिंद हे नाव मुळात आपल्या मातीतलं नाही. ते ग्रीकांचं. मेनांद्रोस. त्यातला दुसरा तुकडा म्हणजे माणूस, पुरुष. पहिल्या तुकड्याचा अर्थ कुणी बळ असा लावतं, कुणी टिकून राहणं असा. अथेन्सला याच नावाचा एक नाटककार होऊन गेला. आपला मेनांद्रोस त्याच्यानंतरचा, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. अलेक्झांडरच्या मागं राहिलेल्या ग्रीकांच्या वंशातला हा राजा. पाली ग्रंथ त्याचा जन्म अलसंदा प्रदेशातल्या कलसी गावी झाल्याचं सांगतो. राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेलं सियालकोट. त्याची नाणी ढिगानं सापडली आहेत. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत : महाराजस त्रातारस मेनंद्रस. इसवीसनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी लिहून ठेवतो की भडोचच्या बाजारात त्याची जुनी नाणी अजून चालतात. राजा मेल्यावर दोनशे वर्षांनी त्याचं नाणं चालतं, ही काही लहान गोष्ट नाही.

मेनांद्रोसचा मेनंद्र झाला, आणि पालीत येता येता मिलिंद. जशी माणसं बोलतात तसं नाव घासत जातं. राजाचं असो की हमालाचं.

पण नाव टिकलं ते नाण्यामुळं नाही. ते टिकलं मिलिंदपञ्हामुळं. मिलिंदाचे प्रश्न. ब्रह्मदेशात हा ग्रंथ त्रिपिटकातच धरतात. चिनी भाषेत त्याचं जुनं भाषांतर आहे. इंग्रजीत ऱ्हिस डेव्हिड्सनं १८९० आणि १८९४ साली दोन भागांत आणला. त्यातली गोष्ट अशी की राजाला वादाची भारी खुमखुमी. जो विद्वान भेटेल त्याला प्रश्न विचारून गप्प करायचा आणि मग सगळा देश पोकळ आहे म्हणून हळहळायचा. शेवटी गाठ पडली नागसेन नावाच्या भिक्खूशी. तिथं राजा निरुत्तर होत गेला. आणि राजा असून त्यानं ते मान्य केलं. ग्रंथ म्हणतो की पुढं त्यानं राज्य मुलाला दिलं आणि भिक्खू झाला. इतिहासकार यावर वाद घालतात. त्याच्या बऱ्याच चांदीच्या नाण्यांवर अथेना देवी आहे, एका तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचं चक्र आहे. तो वाद त्यांचा. आपल्या कामाची गोष्ट दुसरी आहे, ती पुढं येईल.

आता हे नाव आमच्या खोल्यांत कसं शिरलं?

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. १९५० साली औरंगाबादला दुसरं कॉलेज निघालं. शहराचं सरकारी नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालंय, पण तेव्हाचं ते औरंगाबाद. निजामाच्या राज्यातून नुकताच सुटलेला मराठवाडा, विद्यापीठ अजून आठ वर्षं लांब. त्या कॉलेजला बाबासाहेबांनी नाव दिलं मिलिंद. परिसर झाला नागसेनवन. प्रश्न विचारणारा पाटीवर आणि उत्तर देणारा आवारात. बाबासाहेबांना या राजाचं राज्य भावलं नव्हतं. हरल्यावर ते कबूल करण्याची त्याची बौद्धिक प्रामाणिकता भावली होती. हे सगळं १९५६ च्या धर्मांतराच्या आधीचं. धम्म यायच्या आधी त्याची नावं येऊन दारात उभी राहिली होती.

माझा बाप साठच्या दशकात तिथं शिकायला गेला. एक पत्र्याची पेटी, दोन सदरे, स्कॉलरशिप. आणि त्याच्या बापाचं नाव कचरू. कचरू, दगडू, धोंडू, उकिर्ड्या. मान्य आहे, पोरं जगत नव्हती म्हणून नजर लागू नये अशी नावं सगळ्याच जातींत ठेवली जायची. पण धोंडूचा धोंडोपंत होण्याची सोय एका जातीला होती. कचरूचा कचरोपंत कुणी ऐकलाय? आमचा कचरू मरेपर्यंत कचऱ्याच राहिला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तसा नियमच आहे : ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस यावी असं. म्हणजे पोर पाळण्यात असतानाच त्याच्या तोंडाला चिखल फासायचा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी पोथी जाळली, तिच्यात हे पान होतं. लक्षात ठेवा.

कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ साली पडलेल्या आमच्या माणसांची नावं आहेत. त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. लढताना ते नाक चाललं. गावात परतल्यावर तेच नाक म्हणजे शिवी. नावाचा अर्थ शब्दकोशात नसतो मित्रांनो. कोण कुणाला कुठल्या ओट्यावरून हाक मारतो, त्यावर तो ठरतो.

अशा घरात बापानं मला मिलिंद म्हटलं. आजोबाला ते धड उच्चारता यायचं नाही. तो म्हणायचा मिलिन. पण म्हणताना ताठ बसायचा. सिद्धार्थ आणि मिलिंद, बाबासाहेबांच्या दोन कॉलेजांच्या पाट्या आमच्या पाळण्यांवर चढल्या. त्यांच्याबरोबर राहुल, गौतम, आनंद, अशोक, सुजाता, करुणा, संघमित्रा आल्या. कुणी फतवा काढला नव्हता. जन्माच्या दाखल्यावर काय लिहायचं हे आमच्या माणसांनी शेकडो वर्षांनी स्वतः ठरवलं. माझ्या मते भूमिहीनाच्या हाती आलेली ही पहिली जमीन.

पण इथं खोटं बोलायचं नाही. मिलिंद काही आपल्या एकट्याचा नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि सवर्ण घरांत हे नाव त्या वाटेनंही आलं. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ चा, म्हणजे औरंगाबादच्या कॉलेजच्याही आधीचा. लेखक मिलिंद बोकील १९६० चे. मॉडेल मिलिंद सोमण १९६५ चे. एका बाजूनं कमळावरचा भुंगा आला, दुसऱ्या बाजूनं नागसेनापुढं बसलेला राजा आला, आणि दोघं शाळेच्या एकाच बाकावर बसले. गाण्यात बघा. 'कयामत से कयामत तक' या १९८८ च्या सिनेमाला संगीत देणारे आनंद-मिलिंद हे चित्रगुप्त यांचे मुलगे. आणि आपल्या गल्लीबोळांत ज्यांच्या कॅसेटी फाटेपर्यंत वाजल्या ते आनंद शिंदे-मिलिंद शिंदे हे प्रल्हाद शिंदेंचे. जोडी तीच, नावं तीच. एक जोडी सिनेमाच्या पडद्यामागं, दुसरी जयंतीच्या स्टेजवर.

म्हणजे समता आली का? थांबा.

माझ्या वर्गात तीन मिलिंद होते. एक ब्राह्मणाचा, एक मराठ्याचा, एक मी. हजेरीला गुरुजींची पंचाईत व्हायची. मग त्यांनी सोपा उपाय काढला, तिघांनाही आडनावानं हाक मारायची. जे नाव बापानं जात पुसायला दिलं, ते सगळ्यांचं झालं म्हणून माझं आडनाव रोज सकाळी चाळीस पोरांसमोर मोठ्यानं वाचलं जाऊ लागलं. गुरुजी वाईट नव्हते. व्यवस्थेला वाईट माणूस लागतोच असं नाही.

पुढं खोली शोधताना हेच. फोनवर मालक विचारायचा, "नाव?" मिलिंद. "वा वा. पुढं?" पुढचं सांगितलं की, "अरे, कालच दिली हो खोली, पाटी काढायची राहिली." माझं आडनाव मी इथं छापत नाही. छापलेलं नाही म्हणून तुम्हाला हुरहुर लागली असेल, तर ती का लागली हे स्वतःला विचारा.

ही नुसती माझी रड नाही. सुखदेव थोरात, जे स्वतः याच मिलिंद महाविद्यालयात शिकले, त्यांनी पॉल ॲटवेल यांच्याबरोबर केलेला अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नावं वेगळी. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाला तर एक तृतीयांश. कागद पांढरा, शाई काळी, आणि साहेबाला वास आला तो नावाचा.

आता नागसेनाकडं या. मिलिंदानं त्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच : तुमचं नाव काय? आणि नागसेनानं जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की, लोक मला नागसेन म्हणतात खरं, पण ते व्यवहारापुरतं आहे, त्या नावाच्या आत कुणी कायमचा बसलेला नाही. राजा चक्रावला. मग नागसेनानं त्याच्याच रथाचं उदाहरण घेतलं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? दांडी? एकेक करून राजा नाही म्हणत गेला. सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणायचं, एवढंच. नाव ही लावलेली खूण आहे. आत आत्मा नाही.

तुम्ही म्हणाल, नाव जर नुसती खूण, तर नामांतरासाठी रक्त कशाला सांडलं? २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंत सोळा वर्षं गेली, आणि तेव्हाही पदरात पडला तो नामविस्तार. त्या सोळा वर्षांत शहाणी माणसं आम्हाला सांगत होती की नावात काय ठेवलंय, पोटापाण्याचं बघा. मी म्हणतो, नावात काही ठेवलेलं नव्हतं तर द्यायचं होतं ना देऊन पहिल्याच दिवशी! नावात काही नाही म्हणणारा तोच, आणि खोली देताना "पुढं?" विचारणाराही तोच. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नाही.

नागसेनाचं म्हणणं त्याच्या तोंडी शोभत नाही, ते आपलं हत्यार आहे. जात म्हणते, आडनावाच्या आत महार बसलाय, मांग बसलाय, ब्राह्मण बसलाय, पिढ्यान्‌पिढ्या तोच. नागसेन म्हणतो, उघडून दाखव. चाक काढ, आस काढ, जू काढ. कुठं आहे तुझा ब्राह्मण? कुठं आहे माझा महार? आत कुणीच नाही. बाहेर आहे तो फक्त तुझा व्यवहार, आणि व्यवहार माणसानं केलाय म्हणून माणसाला मोडता येतो. नामांतर आम्ही मागितलं ते नावात देव आहे म्हणून नव्हे. ते नाव लावायला केलेली बंदी मोडायची होती म्हणून.

इथवर आलो आणि मला वाटलं, झालं संपादकीय. पण त्या ग्रंथातली आणखी एक गोष्ट आठवली आणि मान खाली गेली.

वाद पुढं नेण्याआधी नागसेन राजाला अट घालतो. तू पंडितासारखा बोलणार असशील तर मी बोलेन, राजासारखा बोलणार असशील तर नाही. फरक काय? पंडित एकमेकांना पेचात पकडतात, चूक दाखवतात, चूक कबूल करतात आणि रागावत नाहीत. राजा एक मुद्दा मांडतो आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद म्हणाला, मी पंडितासारखा बोलेन, तुम्ही निर्धास्त बोला.

माझ्या नावाचा अर्थ हा आहे. भुंगा नाही, बळही नाही. सत्ता हातात असून वादात ती बाजूला ठेवणारा माणूस. आणि रविवारी त्या खोलीत वय, अनुभव, मोर्चे असा सगळा फौजफाटा घेऊन मी एका बाळंतिणीवर चालून गेलो. नाव मिलिंद आणि वागणं राजाचं!

आता चळवळीकडं बघा. १९७२ ला पँथर उभी राहिली, दोन वर्षांत फुटली, १९७७ ला एका गटानं ती बरखास्त केली. बुद्ध की मार्क्स, हा प्रश्न खोटा नव्हता. त्यावर पाच वर्षं समोरासमोर बसून वाद घातला असता तर आज आपल्याकडं एक नवा मिलिंदपञ्ह असता. आपल्या वाट्याला पत्रकं आली. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला आता बोटं पुरत नाहीत. प्रत्येक तुकड्याला अध्यक्ष आहे. प्रश्न विचारणाऱ्या पोराला प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : तू कुणाचा माणूस? हे "पुढं?"चंच भावंड आहे, भाऊ. सवर्ण आडनाव विचारतो, आपण गट विचारतो. मुद्द्याला उत्तर कुणीच देत नाही.

तेव्हा मिलिंद हे नाव मागं पडलं म्हणून मी आता रडणार नाही. नावं येतात, जातात. कचरू गेला, मिलिंद चालला, आर्यन आला, तोही एक दिवस कुणाचा तरी चष्मेवाला काका होईल. ज्यानं ते नाव पाळण्यावर लावलं त्या पिढीचं काम ते नाव करून गेलं. राहिलंय ते नावातलं वागणं, आणि ते यादीत सापडत नाही.

सोमवारी सकाळी त्या खोलीत गेलो. म्हणालो, "पोरी, तुझं बरोबर होतं. मला उत्तर नव्हतं म्हणून मी ओरडलो." ती म्हणाली, "बसा काका, चहा टाकते." मग तिनंच विचारलं, "पण काका, मला एक शंका आहे. शाळेत हाच शब्द लोक वंशाच्या अर्थानं घेणार. तेव्हा पोरानं काय सांगायचं?" मी म्हणालो, हा खरा प्रश्न. तासभर बसलो. दोघांनाही पुरतं उत्तर सापडलं नाही. नाव आर्यनच राहिलं.

पुढच्या अंकात चार पानं मोकळी ठेवतोय. या संपादकीयाची चिरफाड करा. आर्यन नाव ठेवू नये असं वाटतं, लिहा. आडनावं टाकून द्यावीत असं वाटतं, लिहा. आडनाव टाकणं म्हणजे बापाच्या लढ्याला लपवणं असं वाटतं, तेही लिहा. अट एकच, नागसेनाची. पंडितासारखं लिहायचं. राजासारखं लिहिणाऱ्याचं पत्र, तो कितीही मोठा नेता असो, इथं छापलं जाणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणी मला निरुत्तर केलं, तर ते याच पानावर कबूल करीन. त्या नावाचं एवढं देणं मी लागतो.

जय भीम.